बंदुकीविना शिकार: मुलांना घेऊन चिंकारा शोधायला जाताना

अमेरिकेच्या पश्चिमेकडील वायोमिंगसारख्या राज्यांत शरद ऋतू सुरू झाला की आई किंवा वडील आपल्या मुलाला घेऊन, त्या भागातील एखाद्या जाणत्या मार्गदर्शकाबरोबर, प्राँगहॉर्नच्या शिकारीला निघतात. प्राँगहॉर्न हा उघड्या गवताळ मैदानात राहणारा, ताशी सुमारे ८८ किलोमीटर वेगाने धावू शकणारा आणि फार लांबचे पाहू शकणारा प्राणी आहे. त्यामुळे प्रत्यक्ष गोळी झाडण्याचा क्षण आला तरी तो काही सेकंदांचाच असतो, आणि बाकीचा सगळा दिवस दुर्बिणीतून माळ पालथा घालण्यात, वारा ओळखण्यात, उंचवट्याच्या आडून सरपटण्यात आणि तोंड मिटून बसण्यात जातो. हे सर्व तेथे कायद्याच्या चौकटीत चालते. किती परवाने द्यायचे हे राज्याचा वन्यजीव विभाग ठरवतो, मुलांसाठी किमान वयाची आणि प्रशिक्षणाची अट असते, आणि बंदुका व दारूगोळ्यावरील कराचा पैसा १९३७ च्या एका कायद्यानुसार वन्यजीवांच्या संवर्धनाकडे वळवला जातो.

आपल्याकडे हा मार्ग बंद आहे आणि तो बंद आहे हेच योग्य आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीवर बंधने आणली आणि १९९१ च्या दुरुस्तीने हौसेची शिकार पूर्णपणे थांबवली. माळावर राहणारे चिंकारा आणि काळवीट हे दोन्ही हरणासारखे प्राणी आज त्या अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि त्यांच्या शिकारीला किमान तीन व कमाल सात वर्षे कैदेची शिक्षा आहे. मात्र त्या अमेरिकी सहलीतील बंदूक वगळली, तर उरते ते सगळे कौशल्य आपल्या माळावर आपल्या मुलांना शिकवता येते. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील पालकांनी ही सहल कशी आखावी, हे पुढे सविस्तर दिले आहे. सर्व सूचनांच्या मुळाशी एकच आग्रह आहे: प्राणी मुलाला दाखवू नये, तो मुलाला स्वतः शोधू द्यावा. बहुतेक कौटुंबिक जंगलसहली फसतात त्या प्राणी दिसला नाही म्हणून फसत नाहीत. मोठी माणसे बोट दाखवत राहतात, मूल “हो, दिसलं” असे खोटेच म्हणून मोकळे होते आणि अर्ध्या तासात त्याचे लक्ष मोबाईलकडे वळते, म्हणून फसतात.

कोठे जावे

पहिली सहल सरळ चिंकाऱ्याच्या माळावर नेऊ नये. आधी सांगली जिल्ह्यातील सागरेश्वर अभयारण्यात एक सकाळ घालवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. कडेगाव, पलूस आणि वाळवा या तालुक्यांच्या सीमेवरचे हे अभयारण्य जेमतेम १०.८७ चौरस किलोमीटरचे आहे. उघड्याबोडक्या डोंगरावर माणसांनी लावून वाढवलेले हे जंगल असून, त्यामागे मोहित्यांचे वडगाव येथील धों. म. मोहिते यांची अनेक वर्षांची धडपड आहे. सांबर, चितळ आणि काळवीट येथे आणून सोडण्यात आले. अभयारण्याभोवती कुंपण आहे, पायी हिंडण्यासारख्या वाटा आहेत, आणि चितळांचे कळप तुलनेने सहज दिसतात. म्हणून नवशिक्या डोळ्यांना सराव करण्यासाठी ही जागा उत्तम आहे. रेल्वेने येणाऱ्यांना पुणे–मिरज मार्गावरील ताकारी स्थानक जवळ पडते. कऱ्हाडहून येणाऱ्यांनी वाटेत देवराष्ट्रे गावी यशवंतराव चव्हाणांचे जन्मघर पाहून घ्यावे, पण ते परतताना. सकाळची वेळ तेथे खर्ची घालू नये.

सागरेश्वरला कुंपण पाहून मूल हमखास विचारते की, मग हे प्राणी कोंडलेलेच आहेत का. या प्रश्नाला बगल देऊ नये. कुंपण आहे ते शिवारातल्या पिकांसाठीही आहे. हरणे बाहेर पडली की आजूबाजूच्या शेतकऱ्यांचे नुकसान होते, आणि त्या नुकसानीची तक्रार करणारा शेतकरी वन्यप्राण्यांचा शत्रू नसतो, हे दहा वर्षांच्या मुलाला नीट कळते.

खरी सहल मात्र कुंपण नसलेल्या माळावरची. आपल्या भागातून जाण्यास सोयीचे चिंकाऱ्याचे माळ पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडे, बारामती आणि इंदापूर तालुक्यांत आहेत. पुणे वनविभागाने या पट्ट्यात गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली असून तीत गावातीलच प्रशिक्षित तरुण मार्गदर्शक म्हणून बरोबर येतात; इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीचा माळ चिंकाऱ्यासाठी विशेष ओळखीचा आहे. बारामती तालुक्यात सुपे येथे मयूरेश्वर अभयारण्य आहे. ते ५.१४ चौरस किलोमीटरचे, म्हणजे सागरेश्वरच्याही निम्मे, पण चिंकाऱ्यासाठीच राखलेले आहे. साताऱ्याहून फलटण–बारामती असा रस्ता आहे. सांगलीकरांना विटा, म्हसवड, अकलूज या बाजूने इंदापूर गाठता येते. दोन्हीकडून निघणाऱ्यांनी आदल्या रात्री बारामतीत किंवा इंदापुरात मुक्काम करावा, कारण पहाटे दोन वाजता उठवून गाडीत कोंबलेले मूल सूर्योदयाच्या वेळी झोपलेले असते.

आपल्याच जिल्ह्यांच्या पूर्व भागात, माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांत, असाच माळ आहे आणि आटपाडीला संवर्धन राखीव क्षेत्रही जाहीर झालेले आहे. तथापि तेथे जायचे असेल तर आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून, परवानगी आणि स्थानिक माणूस दोन्ही घेऊनच जावे. गायरान म्हणजे मोकळे रान, अशा समजुतीने गाडी आत घालणे चुकीचे आहे.

काळवीट पाहायचे ठरल्यास सोलापूर–बार्शी रस्त्यावरील नान्नज किंवा अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जतजवळचे रेहेकुरी ही ठिकाणे निवडावीत. काळवीट कळपाने राहतो, नराचा रंग गडद आणि शिंगे पिळदार असतात, त्यामुळे तो लांबूनही ओळखता येतो. चिंकारा त्यापेक्षा कठीण असतो. तो लहान, मातीच्या रंगाचा असून एकटा किंवा दोनचारांच्या टोळीत असतो आणि ऊन चढले की झुडपाच्या सावलीत असा बसतो की दहा पावलांवरूनही चुकावा. मुलाच्या दृष्टीने हीच त्याची गंमत आहे.

कोणत्या महिन्यात आणि कोणत्या वयात

पावसाळा संपल्यावर लगेच जाऊ नये. ऑक्टोबरात गवत कमरेएवढे उभे असते, त्यात चिंकारा बुडून जातो, आणि कुसळी गवताची कुसळे मोज्यांत व विजारीत घुसून मुलांना अक्षरशः रडकुंडीला आणतात. नोव्हेंबरच्या अखेरीपासून गवत पिवळे पडून खाली बसू लागते, आणि डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला ठरतो. या दिवसांत सूर्योदय सातच्या सुमारास होतो, त्यामुळे फार अवेळी उठावे लागत नाही. शिवाय थंडीमुळे प्राणी सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत उघड्यावर चरताना सापडतात. मार्चनंतर जायचे झाल्यास सूर्योदयानंतरचे दोन तास काय ते आपले, पुढे मृगजळामुळे दुर्बिणीतले चित्रच थरथरते.

वयाबद्दल माझा अनुभव असा की सात-आठ वर्षांपुढचे मूल ही सहल पेलू शकते. पाच वर्षांच्या मुलाला न्यायला हरकत नाही, पण मग ती त्याच्या वेगाने चालणारी, किडे-मुंग्या पाहण्याची सहल असेल हे मनाशी मान्य करावे. दोन भावंडांना एकाच वेळी नेले तर आधी कोणाला दिसले यावरून भांडण अटळ असते. शक्य असल्यास पहिल्या खेपेला एक पालक आणि एक मूल एवढेच जावे.

तयारी घरापासून

सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे दुर्बीण, आणि ती मुलाची स्वतःची असावी. पालकांच्या गळ्यातील दुर्बीण मागून घ्यावी लागली की मूल तीनदा मागते आणि चौथ्यांदा मागत नाही. दुर्बिणीवर ८×३० किंवा ८×४२ असे आकडे असतात. पहिला आकडा चित्र किती पटींनी मोठे दिसते ते सांगतो, आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. मुलांसाठी ६×३० किंवा ८×३० योग्य आहे. दहा पटींची दुर्बीण दुकानात भारी वाटते, परंतु मुलाच्या हाताचा कंपही ती दहा पटींनी वाढवते. विकत घेताना दोन्ही नळ्या पुरेशा जवळ येतात का, हे मुलाच्याच डोळ्यांना लावून पाहावे. मुलांच्या डोळ्यांतील अंतर कमी असते, आणि नळ्या जुळल्या नाहीत तर त्याला एक गोल चित्र दिसण्याऐवजी दोन अर्धी चित्रे आणि मध्ये काळोख दिसतो. बाजारात खेळणे म्हणून मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या दुर्बिणी टाळाव्यात, त्या मुलाचा उत्साह मारतात.

दुर्बीण वापरण्याचा सराव सहलीच्या आधी किमान दोन आठवडे करावा. साताऱ्यात अजिंक्यताऱ्यावरून, सांगलीत कृष्णेच्या घाटावरून, आणि खेडेगावात नांगरटीच्या रानात ट्रॅक्टरमागे जमणाऱ्या गायबगळ्यांवर हा सराव उत्तम होतो. युक्ती अशी: आधी नुसत्या डोळ्यांनी वस्तूवर नजर खिळवावी, मग नजर जराही न हलवता दुर्बीण वर आणून डोळ्यांना लावावी. बहुतेक मुले आधी खाली दुर्बिणीकडे पाहतात, मग ती डोळ्यांना लावतात, आणि मग आकाशभर वस्तू शोधत राहतात. बगळ्यावर हे जमले की चिंकाऱ्यावर जमते.

दुसरा सराव दिशा सांगण्याचा. माळावर “तिथे, त्या झाडापाशी” या वाक्याला काही अर्थ नसतो, कारण तेथे झाडे एकसारखी असतात. हात पूर्ण ताठ पुढे धरला तर एका बोटाची रुंदी साधारण दोन अंशांएवढी आणि मुठीची रुंदी साधारण दहा अंशांएवढी भरते, आणि गंमत म्हणजे मुलाचा हात आखूड असला तरी बोटेही लहान असल्यामुळे हे माप दोघांचेही जवळपास सारखेच येते. त्यामुळे “टेकडीवरच्या एकट्या हिवरापासून तीन बोटे डावीकडे, एक बोट खाली” असे सांगण्याची सवय घरच्या गच्चीवरच लावून घ्यावी.

कपड्यांच्या बाबतीत एक गोष्ट पालकांना सहसा ठाऊक नसते. खूर असलेल्या प्राण्यांना लाल आणि नारिंगी रंग आपल्यासारखे ठळक दिसत नाहीत, निळा मात्र चांगला दिसतो. अमेरिकेतील शिकारी झगझगीत नारिंगी जाकिटे घालतात ती यामुळेच: दुसऱ्या शिकाऱ्याला माणूस दिसतो, प्राण्याला तो रंग भडक वाटत नाही. म्हणून मुलाची निळी जीन्स आणि पांढरा टी-शर्ट घरी ठेवून खाकी, मातकट किंवा शेवाळी रंगाचे जुने कपडे घालावेत. विजार गुळगुळीत सुती कापडाची असावी. लोकरीच्या मोज्यांना कुसळे चिकटतात, म्हणून साधे सुती मोजे आणि घोट्यापर्यंतचे बूट योग्य. पहाटे माळावर बोचरी थंडी असते आणि नऊ वाजता घाम येतो, तेव्हा एकावर एक घालता-काढता येतील असे कपडे न्यावेत.

खाण्यासाठी दशम्या, धपाटे, शेंगदाण्याचे लाडू यांसारखे न कुरकुरणारे पदार्थ फडक्यात बांधून न्यावेत. वेफरच्या पुड्याचा आवाज शांत माळावर फार लांब जातो, आणि उरलेला पुडा वाऱ्याने हातातून सुटला की त्याच्यामागे धावणारे मूल त्या सकाळचे वाटोळे करते. उरलेले अन्न माळावर फेकू नये. त्यावर भटकी कुत्री येतात, आणि कुत्र्यांची टोळी ही आज चिंकाऱ्याच्या पिलांसाठी फार मोठा धोका आहे. पाणी प्रत्येकी दोन लिटर घ्यावे, आणि निघण्यापूर्वी मुलाला शौचाला जाऊन येण्याचा आग्रह धरावा. माळावर आडोसा नसतो.

मार्गदर्शकाशी आधी बोलावे

चांगला गावकरी मार्गदर्शक म्हणजे या सहलीचा अर्धा यशभाग, परंतु त्याला पाहुण्यांना लवकरात लवकर प्राणी दाखवण्याची सवय लागलेली असते, कारण बहुतेक पाहुण्यांची मागणीच ती असते. त्यामुळे निघण्यापूर्वी, मुलाच्या समोरच, त्याला विनंती करावी: “मामा, तुम्हाला आमच्या आधी दिसणार हे ठाऊक आहे, पण पोरीला दोन-चार मिनिटं शोधू द्या, नाहीच सापडलं तर खूण सांगा.” माझ्या पाहण्यात हे ऐकून खूश न झालेला मार्गदर्शक नाही. उलट तो मग स्वतःच खेळात उतरतो आणि “बाय, त्या बोरीच्या बुडाला काय हाय बघ बरं” असे म्हणत इशारे देऊ लागतो.

याच वेळी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: गाडी कोणत्या वाटेपलीकडे न्यायची नाही, खाली उतरण्यास कोठे परवानगी आहे, आणि त्या आठवड्यात माळावर मेंढ्यांचे वाडे कोठे बसले आहेत. शेवटचा प्रश्न विचारला की मार्गदर्शक आपल्याला जरा निराळ्या नजरेने पाहू लागतो. धनगरांच्या कळपाबरोबर कुत्री असतात, त्यामुळे वाड्याच्या आसपास चिंकारा सहसा थांबत नाही.

शुल्क ठरलेले असेल तेवढे रीतसर भरून पावती घ्यावी, आणि वर काही द्यायचे असल्यास ते सहल संपल्यावर, प्राणी दिसो वा न दिसो, सारखेच द्यावे. प्राणी दिसल्यावर बक्षीस देण्याची प्रथा मार्गदर्शकाला प्राण्याच्या फार जवळ गाडी नेण्यास भाग पाडते.

काही वेळा कोणीतरी वेगळाच माणूस भेटतो आणि “रात्री या, जीपमधून बॅटरीच्या झोतात हरणं दाखवतो” असे सांगतो. त्याला स्पष्ट नकार द्यावा. झोताने प्राण्याला दिपवून जवळ जाणे ही चोरट्या शिकाऱ्यांची रीत आहे. महामार्गावरील एखाद्या ढाब्यावर दबक्या आवाजात “रानातलं मटण” सुचवले गेले, तर तेथून उठावे आणि का उठलो ते मुलाला सांगावे. असे काही आढळल्यास वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवता येते.

कायद्याची आणखी एक बाजू मुलांना सांगण्यासारखी आहे. अधिनियमातील ‘शिकार’ या शब्दात केवळ ठार मारणे येत नाही. पकडणे, फासे लावणे, हाकणे, आमिष दाखवणे, आणि या सर्वांचा प्रयत्न करणेही त्यात येते. म्हणजे चिंकारा पळताना छान दिसतो म्हणून त्याच्यामागे गाडी पळवणे ही कायद्याच्या भाषेत शिकार ठरू शकते.

माळावर पोहोचल्यावर

सूर्योदयापूर्वी अर्धा तास माळाच्या कडेला पोहोचावे आणि पहिली दहा मिनिटे काहीही करू नये. मुलाला नुसते ऐकू द्यावे. तित्तिराची हाक, चंडोलाचे उडता उडता गाणे, लांबच्या वाडीवरचा कोंबडा, हे आवाज ओळखीचे झाले की मग एखादी माळटिटवी अचानक ओरडू लागल्यावर त्याचा वेगळेपणा मुलाच्या ध्यानात येतो. टिटवी ओरडते तेथे काहीतरी हलते आहे. ते कुत्रे असेल, खोकड असेल किंवा लांडगाही असेल. लांडगा दिसला तर घाबरण्याचे कारण नाही, मार्गदर्शकाच्या सूचनेप्रमाणे जागच्या जागी थांबावे, आणि चिंकाऱ्यापेक्षाही भाग्याची गोष्ट घडली असे समजावे.

यानंतर वारा पाहावा. मुलाच्या हाती चिमूटभर बारीक माती देऊन ती खांद्याच्या उंचीवरून सोडायला सांगावी. माती जिकडे जाते तिकडे आपला वास जातो, म्हणून उतरून चालायचे असल्यास वारा तोंडावर घेऊनच चालावे. गाडीत बसून राहायचे असल्यास वाऱ्याचे महत्त्व जरा कमी होते. रोज दिसणारी गाडी चिंकारा सहन करतो, मात्र गाडीतून उतरून उभा राहिलेला दोन पायांचा आकार तो क्षणात ओळखतो. म्हणून इंजिन बंद करून, दारे न आपटता, काचा आधीच खाली करून बसावे. खिडकीच्या चौकटीवर घडी केलेला टॉवेल ठेवला तर मुलाला दुर्बीण त्यावर टेकवता येते आणि हाताचा कंप नाहीसा होतो.

आता शोध. मुलाला संपूर्ण माळ एकदम पाहू देऊ नये. समोरच्या दृश्याचे तीन आडवे पट्टे करावेत: जवळचा, मधला आणि क्षितिजाजवळचा. प्रत्येक पट्टा उजवीकडून डावीकडे पाहावा. आपले डोळे वाचनामुळे डावीकडून उजवीकडे भराभर सरकायला सरावलेले असतात. उलट दिशेने ते आपोआप हळू चालतात आणि बारकावे सुटत नाहीत. आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावी: चिंकारा शोधू नकोस, चिंकाऱ्याचा तुकडा शोध. पूर्ण प्राणी चित्रातल्यासारखा आडवा उभा असलेला क्वचितच दिसतो. दिसते ती उभ्या गवतात एक आडवी रेघ, म्हणजे त्याची पाठ. दिसतो फडफडणारा कान. दिसते सतत हलणारी काळसर शेपटी किंवा पोटाखालचा पांढुरका पट्टा. पहिल्या तासात मूल बहुधा दोन-तीन दगड आणि एखादी मेंढी चिंकारा म्हणून जाहीर करते. हसू नये. “ते काय आहे ते कशावरून ठरवलंस?” एवढेच विचारावे, आणि उत्तर ऐकून पुन्हा पाहायला सांगावे.

रब्बीच्या दिवसांत माळाला लागून असलेल्या हरभऱ्याच्या आणि शाळूच्या रानांच्या कडा सूर्योदयाच्या वेळी विशेष नीट पाहाव्यात, कारण रात्री चरायला उतरलेले चिंकारे त्या वेळी माळाकडे परतत असतात. रानात मात्र पाऊल टाकू नये. शेतकरी दिसल्यास नमस्कार करून काय चालले आहे ते सांगावे. हुरड्याच्या मोसमात अशा ओळखीतून पुढची निम्मी सकाळ शेकोटीपाशी जाण्याचा धोका असतो, तो ज्याने त्याने पत्करावा.

चिंकारा सापडल्यावर सरळ त्याच्या दिशेने जाऊ नये. सरळ येणारी वस्तू म्हणजे पाठलाग, हे प्रत्येक चरणाऱ्या प्राण्याला कळते. वाटेवरूनच तिरके, थांबत थांबत जावे. प्राण्याची मान खाली असेल तेव्हा हलावे आणि मान वर झाली की जागीच गोठावे. हा खेळ मुलांना फार आवडतो आणि त्यात ती मोठ्यांपेक्षा सरस ठरतात. चिंकाऱ्याने पुढचा पाय जमिनीवर आपटला किंवा नाकातून शिंकेसारखा आवाज काढला, तर त्याला आपण नकोसे झालो आहोत असे समजून तेथेच थांबावे. तो पळाला, तर ती सहलीची फलश्रुती नव्हे, आपण गरजेपेक्षा जवळ गेल्याची खूण होय. कोणत्याही परिस्थितीत गाडी वाटेच्या बाहेर उतरवू नये. माळटिटवी आणि धाविक हे पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात, आणि ती खड्यांत इतकी मिसळून जातात की चाकाखाली गेल्याचे कळतही नाही.

छायाचित्र घेण्याची जबाबदारी मुलावर टाकू नये. मोबाईलमध्ये चिंकारा ठिपक्याएवढा येतो, मूल हिरमुसते, आणि तो ठिपका मोठा करण्याच्या नादात समोरचा प्राणी निघून जातो. घेतलेच तर नेमक्या जागेसह ते लगेच कोठे टाकू नये.

माग, लेंड्या आणि शिंगे

ऊन चढल्यावर, साधारण साडेनवानंतर, जिथे उतरण्याची परवानगी आहे अशा ठिकाणी जमिनीकडे वळावे. ओढ्याच्या काठची मऊ माती किंवा बैलगाडीच्या चाकोरीतील फुफाटा ही खुरांचे ठसे पाहण्याची जागा. चिंकाऱ्याचा ठसा शेळी-मेंढीच्या ठशापेक्षा अरुंद आणि पुढे टोकदार असतो. शेजारी पाच रुपयांचे नाणे ठेवून त्याचे चित्र मुलाने वहीत काढावे. चिंकाऱ्याची आणखी एक सवय मुलांना विलक्षण वाटते: तो पुन्हा पुन्हा त्याच जागी येऊन लेंड्या टाकतो, त्यामुळे तेथे ढीग साचतो. मेंढ्यांच्या लेंड्या चालत्या वाटेवर विखुरलेल्या असतात. ढीग सापडला, आणि त्यातील काही लेंड्या ताज्या, काळ्या व ओलसर असल्या, तर जागा वापरात आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे तेथून लांब, वाऱ्याच्या योग्य बाजूला थांबता येते. प्राणी न पाहता तो कोठे येणार हे सांगता येणे, ही माझ्या मते या सहलीतील सर्वांत मोठी कमाई आहे.

शिंगांचा विषय येथेच काढावा, कारण सागरेश्वरला चितळाचे आणि माळावर चिंकाऱ्याचे डोके पाहिलेल्या मुलाला फरक जाणवलेला असतो. चितळ व सांबर यांच्या नरांना फांद्याफांद्यांची, हाडाची शिंगे येतात, ती दरवर्षी गळून पडतात आणि पुन्हा उगवतात. चिंकारा व काळवीट यांच्या शिंगांत आत हाडाचा गाभा आणि बाहेर आपल्या नखांसारख्या द्रव्याचे टणक आवरण असते. ती जन्मभर वाढतात, गळत नाहीत. चिंकाऱ्याच्या मादीलाही बारीक शिंगे असतात, काळविटाच्या मादीला सहसा नसतात. आणि ज्याच्यापासून आपण सुरुवात केली तो प्राँगहॉर्न या दोहोंच्या मध्ये बसतो: आत हाडाचा गाभा तसाच राहतो, बाहेरचे दुबेळके आवरण मात्र दरवर्षी गळते. आपल्या कुळातील तो आज एकटाच उरला आहे. त्याचा वेग त्याच्या आजच्या शत्रूंच्या मानाने फारच जादा आहे, आणि आता नामशेष झालेल्या, चित्त्यासारख्या वेगवान शिकारी प्राण्यामुळे तो वेग घडला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. आपल्या काळविटाच्या मागेही एके काळी खराखुरा चित्ता धावत असे, एवढे सांगितले की मुलाचे प्रश्न आपोआप सुरू होतात.

सागरेश्वरला वाटेत गळलेले शिंग सापडले, तर ते उचलून घरी आणू नये. वन्यप्राण्याचा कोणताही अवशेष बाळगणे परवानगीशिवाय बेकायदेशीर आहे. शिवाय साळिंदर आणि उंदीर अशी शिंगे कुरतडून त्यातील चुना मिळवतात. चित्र काढावे, लांबी वितीने मोजावी, आणि जागच्या जागी ठेवून द्यावे.

काहीच दिसले नाही तर

असे होते, आणि पहिल्या खेपेला तर बरेचदा होते. अशा वेळी पालकांनी मार्गदर्शकावर चिडू नये आणि मुलाला “पुढच्या वेळी नक्की दिसेल” असे आश्वासनही देऊ नये. वही काढून बसावे आणि मुलाकडून लिहून घ्यावे: वारा कोणत्या दिशेचा होता, कुत्र्यांचा आवाज कोठून आला, मेंढ्या कोठे होत्या, ताज्या लेंड्या कोठे दिसल्या, ऊन किती वाजता तापले. या पाच नोंदींमधून प्राणी का दिसला नाही याचा अंदाज बहुधा मूल स्वतःच बांधते. मार्गदर्शकाला तो अंदाज ऐकवून त्याचे मत विचारावे. तो दुरुस्ती सुचवेल, आणि कधी कधी मुलाचे म्हणणे मान्यही करील.

परतल्यावर दुर्बिणीची भिंगे शर्टाच्या टोकाने पुसू नयेत, माळाची धूळ काचेवर ओरखडे पाडते. आधी फुंकणीने किंवा मऊ ब्रशने धूळ उडवावी, मग भिंगांसाठीचे कापड वापरावे. वहीतील पानावर तारीख, ठिकाण आणि मार्गदर्शकाचे नाव घालावे, आणि दुसरी सहल शक्यतो त्याच माळावर, त्याच मार्गदर्शकाबरोबर, फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात ठरवावी. तोपर्यंत गवत आणखी बसलेले असते, आणि मुलाला कोणती बोर, कोणता ओढा, कोणता उंचवटा हे आधीच पाठ असते.